मंत्रिमहोदय, प्रश्न एका रबरी सीलचा आहे

मा. श्री. नितीन गडकरी,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री,
नवी दिल्ली



तमिळनाडूतल्या विक्रवांडीहून कुंभकोणममार्गे तंजावरला जाणारा सुमारे १६५ किलोमीटरचा महामार्ग चौपदरी करण्याचे काम आपल्याच खात्याचे. ते किती रेंगाळले, याबद्दल या भागातून आपल्याला बरीच पत्रे पोचली असतील. हे त्यातले नव्हे. हे पत्र त्या रस्त्यावरून धावणाऱ्या मोटारीच्या पुढच्या चाकाआड, चिखल-धुळीत दडलेल्या ओंजळीएवढ्या लोखंडी भागाबद्दल आहे. त्याला कॅलिपर म्हणतात. गाडी थांबते ती त्याच्या जिवावर.

कुंभकोणमहून मराठीत पत्र आले म्हणून आपल्याला नवल वाटू नये. व्यंकोजीराजे तंजावरला आले तेव्हापासून या कावेरीकाठी मराठी बोलणारी घरे आहेत. बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव १८२८ मध्ये याच गावी जन्मले, आणि गावाबाहेर गोविंदपुरमला विठ्ठल-रखुमाईचे मोठे देऊळ उभे आहे. घरात मराठी, रस्त्यावर तमिळ आणि गॅरेजात दोन्हींच्या जोडीला इंग्रजी सुट्या भागांची नावे, अशी इथली त्रिभाषा आहे.

आता मुद्द्याचे.

हे गाव कावेरी आणि अरसलार या नद्यांच्या मध्ये, तळहातासारखे सपाट. घाट नाही, चढ नाही. ब्रेकवर खरा जोर असा येतच नाही, आणि म्हणूनच तो बिघडला तरी महिनोन्महिने पत्ता लागत नाही. ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस कोसळतो, गल्लीबोळांत पाणी साचते, गाडी आठ-आठ दिवस दारात उभी राहते. कॅलिपरच्या तोंडावरचा रबरी बूट कुठेतरी फाटलेला असला की पाणी आत शिरते आणि पिस्टनवर गंज धरतो. मग एके दिवशी ब्रेक दाबून सोडला तरी एक चाक पुरते सुटत नाही. गाडी किंचित एका बाजूला ओढते. ॲव्हरेज कमी होतो. लांबून आल्यावर त्या चाकाजवळ नुसता हात नेला तरी झळ लागते. आतला पॅड झिजून पत्र्याला टेकलेला आणि बाहेरचा अजून अर्धा शिल्लक, असा प्रकार चाक काढल्यावर दिसतो. याच गाडीतून एखादे कुटुंब सुटीत कोल्ली मलैच्या डोंगरावर निघाले, तर तिथल्या ७० हेअरपिन वळणांवरून उतरताना तो चिकटलेला ब्रेक काय करील, हे सांगायला कोणी तज्ज्ञ नको.

गॅरेजात बहुतेक वेळा एकच निदान ऐकू येते: कॅलिपर गेला, अख्खा नवा टाका. काही हजारांचा प्रश्न असतो. गेलेले असते काय? बहुधा दोन रबरी वस्तू, म्हणजे आतले सील आणि बाहेरचा बूट. फार तर पिस्टन. बिडाचा मुख्य ओतीव भाग गाडीपेक्षा जास्त जगतो.

त्या सीलची करामत समजून घेण्यासारखी आहे, कारण या पत्रातली मागणी त्याच्याभोवतीच फिरते. ब्रेकचे तत्त्व पास्कलचे, शाळेत शिकवलेले: बंद द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो. समजा, पायाने १५ किलोचा जोर लावला आणि पेडलच्या तरफेने तो चौपट, म्हणजे ६० किलो झाला. पेडलमागच्या मास्टर सिलिंडरचा व्यास २० मिलिमीटर आणि कॅलिपरच्या पिस्टनचा ४८ मिलिमीटर धरला, तर क्षेत्रफळात जवळजवळ पावणेसहा पट फरक पडतो आणि पॅडवर सुमारे ३४५ किलोचा जोर येतो. बूस्टरची मदत यात धरलेलीच नाही. हा सगळा दाब रोखून धरतो तो कॅलिपरच्या आतल्या खाचेत बसलेला, चौकोनी छेदाचा एक रबरी गोल. पण दाब रोखणे एवढेच त्याचे काम नाही. ब्रेक दाबला की पिस्टन केसभर पुढे सरकतो आणि त्याला घट्ट धरून बसलेला तो रबर पिळला जातो. पाय उचलला की पीळ सुटतो आणि रबर पिस्टनला मागे खेचून घेतो. परत आणणारी स्प्रिंग तिथे नसते. पॅड झिजत जातात तसा पिस्टन सीलमधून हळूहळू पुढे घसरतो आणि ब्रेक आपोआप ॲडजस्ट होत राहतो. इतके मोठे काम इतक्या स्वस्त वस्तूने करावे, याचे कौतुक वाटल्याशिवाय राहत नाही. रबर कडक झाला, फुगला किंवा पिस्टन गंजून खरखरीत झाला, की मागे खेचणे थांबते आणि चाक धरून राहते.

कॅलिपर ज्याचा भाग आहे त्या डिस्क ब्रेकचे पेटंट लँचेस्टर या इंग्रज इंजिनिअरने १९०२ मध्ये घेतले होते, तरी खरा बोलबाला व्हायला १९५३ उजाडले. त्या वर्षी डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वारने ले माँची २४ तासांची शर्यत जिंकली. आपल्याकडे मध्यमवर्गाच्या घरी ते पोचले मारुतीच्या गाड्यांबरोबर. नव्वदीतल्या झेनच्या पुढच्या चाकांना होते तसे एका पिस्टनचे, पिनांवर सरकणारे कॅलिपर आजही लाखो गाड्यांना आहेत, आणि ते घरच्या अंगणात उघडून पुन्हा बांधता येतात. जगभर लोक बांधतात.

कसे बांधतात, ते जरा सविस्तर सांगायला हवे, कारण ‘घरी ब्रेक उघडायचा’ म्हटले की दिल्लीतल्या अधिकाऱ्यांच्या कपाळावर आठ्या पडणार. सपाट जागा, मागच्या चाकांना लाकडी पाचरी, गाडी जॅकवर नव्हे तर जॅक-स्टँडवर. नुसत्या जॅकवर टेकलेल्या गाडीखाली हात घालणाऱ्याला कोणी मिस्त्री म्हणू नये. चाक काढायचे, पॅडची धूळ फुंकायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. कॅलिपरच्या पिनांचे बोल्ट सोडून तो मोकळा करायचा, पण होज लगेच काढायचा नाही. पॅडच्या जागी लाकडाचा ठोकळा ठेवून घरातल्या दुसऱ्या माणसाला ब्रेक पेडल सावकाश दाबायला सांगायचे. अडकलेला पिस्टन गाडीच्याच दाबाने बाहेर येतो. काही जण कॉम्प्रेसरची हवा मारतात. तीत दबलेली ताकद असते, म्हणून पिस्टन गोळीसारखा सुटतो आणि बोटे चेचतात. ब्रेक ऑइल दबत नाही, म्हणून त्याच्या रेट्याने पिस्टन सुटला तरी उडत नाही.

मग होज सोडून तोंडाला बूच मारायचे, म्हणजे मास्टर सिलिंडर रिकामा होणार नाही. ब्रेक ऑइल रंगावर सांडले तर रंग उडतो, त्याला लगेच पाणी. जुने सील काढताना स्क्रू-ड्रायव्हर चालत नाही, खाचेला ओरखडा पडतो. लाकडी किंवा प्लास्टिकची काडी लागते. खाचेतला गंज हा खरा चोर. तो राहिला तर नवे सील वर उचलले जाते आणि पिस्टन पुन्हा आवळला जातो. सीलचे तोंड पिस्टनवर चालते, सिलिंडरच्या भिंतीवर नव्हे. म्हणून भिंतीवर थोडे डाग असले तरी खपते. पिस्टनच्या चकाकत्या भागावर खड्डा पडला असेल तर मात्र पॉलिश पेपर घासत बसण्यात अर्थ नाही. तो पिस्टन टाकायचा.

इथेच बहुतेकांचा घात होतो. धुवायला हाताशी पेट्रोल असते आणि लावायला साधे ग्रीस. डॉट ३ आणि डॉट ४ ऑइलसाठी जे रबर वापरतात, ते खनिज तेल लागले की फुगते. आज हलका चाललेला पिस्टन काही आठवड्यांत पुन्हा जाम, आणि या वेळी बरोबर नवे सीलही वाया. धुवायला ब्रेक क्लीनर किंवा स्वच्छ ब्रेक ऑइल, सीलला ब्रेक ऑइल किंवा लाल रबर ग्रीस, एवढाच पथ्याचा स्वयंपाक. गंमत अशी की हे लाल ग्रीस एरंडेलापासून बनते आणि पूर्वीच्या काळी ब्रेक ऑइलच मुळी एरंडेल व अल्कोहोल मिसळून करत. अर्थात म्हणून फडताळातली एरंडेलाची बाटली काढून ओतायची नाही.

बांधणी उलट क्रमाने. होजच्या बोल्टखाली तांब्याचे वायसर नवे, बोल्ट पुस्तकात दिलेल्या टॉर्कने, पिनांना त्यांचे ग्रीस. शेवटी हवा काढायची. एक जण आत बसून दाबतो आणि धरून ठेवतो, दुसरा निपल उघडून बंद करतो. ऑइलची डबी तळाला जाऊ द्यायची नाही. पेडल दगडासारखे घट्ट लागेपर्यंत हे चालते. मग गल्लीत पायी चालण्याच्या वेगाने आधी एक फेरी.

एक मर्यादाही इथेच नोंदवायला हवी. एप्रिल २०१८ पासून नव्या मॉडेलना आणि एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे झाले. चांगलेच झाले. पण एबीएसच्या युनिटमध्ये हवा शिरली तर ती काढायला अनेक गाड्यांत स्कॅनर लागतो. मागच्या चाकांना इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असेल तर पिस्टन मागे घ्यायलाही तोच. म्हणजे दुरुस्तीची किल्ली पान्याकडून सॉफ्टवेअरकडे चालली आहे, आणि ती कोणाच्या हातात राहावी हे ठरवण्याची वेळ हीच आहे.

‘ब्रेक हा सुरक्षेचा भाग, तो अधिकृत केंद्राबाहेर कोणी उघडूच नये’ हा युक्तिवाद आपल्यासमोर वारंवार मांडला जात असणार. ऐकायला तो बिनतोड वाटतो. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: सुटे सील मिळाले नाही की माणूस निमूटपणे नवा कॅलिपर घेईल. असे होत नाही. चालू मॉडेलचे सील किट दुकानात मिळून जाते. दहा-बारा वर्षांपूर्वी बंद पडलेल्या मॉडेलला ‘अख्खे युनिट घ्या’ असे उत्तर येते. बारा-पंधरा वर्षे जुन्या गाडीच्या मालकाला ती किंमत जड जाते. मग रस्त्याकडेच्या गॅरेजात जुनेच सील पेट्रोलने धुऊन, गंजका पिस्टन घासून बसवला जातो, किंवा जवळपासच्या मापाचे कुठल्या तरी दुसऱ्या गाडीचे सील ठोकून बसवतात. कोणी सील बंद केले म्हणून ब्रेक उघडणे बंद होत नाही, फक्त वाईट रीतीने उघडला जातो. निवड कारखाना आणि अंगण यांच्यात नाही. योग्य सील आणि धुतलेले सील यांच्यात आहे.

दुसरीही बाजू प्रांजळपणे सांगायला हवी. आपल्याच मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसे गेली. अपघातांच्या संख्येत तमिळनाडू पहिला होता. देशातले सुमारे ७२ टक्के अपघात अतिवेगाच्या नावावर आहेत. तेव्हा सील किट मिळाल्याने हे आकडे खाली येतील, असा दावा करणे हास्यास्पद ठरेल. पण वेगात असलेली गाडी अखेर ब्रेकनेच थांबवायची असते, आणि ब्रेक कमी पडला की नोंद वेगाचीच होते, हेही आपण जाणता.

या बाबतीत कायद्याने काहीच केलेले नाही असेही नाही. एका ग्राहकाच्या २०११ च्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोठावला. कारण हेच: सुटे भाग आणि तपासणीची साधने स्वतंत्र गॅरेजांना मिळू दिली जात नव्हती. ती द्या, असे आयोगाने बजावले. दंडाचे प्रकरण पुढे अपिलात गेले. तत्त्व मात्र कागदावर आले. जुलै २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि चार क्षेत्रे निवडली: शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि मोटारी. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू झाले. पुढे दुरुस्तीयोग्यतेच्या निर्देशांकाचा विचार झाला तो मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी. फोनची बॅटरी बदलता यावी म्हणून एवढी खटपट. ब्रेकचे सील कोणाच्याच खिजगणतीत नाही. हे खाते आपले नाही, हे मान्य. पण गाडीला मान्यता आपल्या नियमांखाली मिळते, ग्राहक विभागाच्या नव्हे. मान्यता देताना सुटे भाग देण्याची अट घालणे आपल्याच हातात आहे.

ही अट घालायला आणखी एक कारण आहे. तमिळनाडू हे ब्रेकचे माहेरघर. टी. व्ही. सुंदरम अय्यंगार यांनी १९१२ च्या सुमारास दक्षिणेत बससेवेचा पाया घातला, तो याच मुलखात. त्यांच्या समूहातून पुढे १९६२ मध्ये चेन्नईजवळ पाडीला ब्रेक बनवणारा कारखाना निघाला, आणि आज ब्रेकचे पॅड-लायनिंग करणारे कारखानेही त्याच शहरात आहेत. कुंभकोणममध्ये १९७२ पासून सरकारी बस महामंडळाचे मुख्यालय आहे. भाग उघडून, दुरुस्त करून पुन्हा वापरणे ही तर महामंडळांच्या कार्यशाळांची रोजची रीत. कौशल्य इथे वाटेवर सांडलेले आहे.

त्याचा सर्वात अजब नमुना कुंभकोणमहून फार दूर नाही. तिरुवारूरच्या त्यागराज देवळाचा रथ सजवून उभा केला की सुमारे ९६ फूट उंच होतो आणि वजन ३०० टनांच्या घरात जाते. असले रथ पूर्वीपासून थांबवतात आणि वळवतात ते चाकाखाली लाकडी पाचरी, म्हणजे मुट्टुक्कट्टै, सारून. चालत्या रथाच्या चाकापुढे वाकून पाचर टाकणाऱ्यांचा नेम आणि धाडस बघत राहावे असे असते. पण एवढ्या वजनापुढे पाचरींवर किती भिस्त ठेवायची? तिरुचिरापल्लीच्या भेल कारखान्याने या रथाला पोलादी चाके आणि हायड्रॉलिक ब्रेक बसवून दिले. म्हणजे मोटारीच्या कॅलिपरमध्ये आहे तेच पास्कलचे तत्त्व देवाच्या रथाखाली गेले. या रथाचे शोरूम नाही, अख्खे युनिट बदला म्हणणारा काउंटर नाही. त्याचे ब्रेक ज्याला समजतात तोच ते उघडतो आणि चाचणी घेऊनच दोर भाविकांच्या हाती जातात.

चाचणी हाच मुद्दा मोटारींच्या बाबतीत सुटतो. आपल्याकडे टॅक्सी-ट्रकला पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेस लागतो. खासगी मोटारीला मात्र १५ वर्षे कोणी ‘तुझे ब्रेक कसे आहेत’ म्हणून विचारत नाही. पंधराव्या वर्षी नूतनीकरणाच्या वेळी एकदम तपासणी. एप्रिल २०२२ पासून त्या नूतनीकरणाचे शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झाले. ब्रिटनमध्ये १९६० पासून एमओटी नावाची गाड्यांची सक्तीची तपासणी आहे, आता तीन वर्षे झालेल्या गाडीपासून दरवर्षी, आणि ब्रेकचा जोर रोलरवर मोजला जातो. त्यामुळे तिथे घरी कॅलिपर बांधणाऱ्याच्या कामावरही वर्षातून एकदा परक्या माणसाची नजर पडते. आपण सप्टेंबर २०२१ मध्ये स्वयंचलित तपासणी केंद्रांचे नियम केले, त्यातही रोलर ब्रेक टेस्टर आहे. यंत्र आले, पण त्याच्याकडे पाहिले जाते ते प्रमाणपत्र देण्या-नाकारण्याच्या आणि गाडी भंगारात काढण्याच्या अंगाने.

तेव्हा विनंती अशी. ज्या मॉडेलला रस्त्यावर यायची मान्यता मिळते, त्याच्या कॅलिपरचे सील, बूट आणि पिस्टन हे तिन्ही भाग सुटे, काउंटरवर, कोणालाही, उत्पादन बंद झाल्यापासून निदान १५ वर्षे मिळाले पाहिजेत. नोंदणीची पहिली मुदत तेवढीच आहे, म्हणून हा आकडा. त्या पाकिटावर किंवा त्याच्या सोबतच्या चिठ्ठीवर बोल्टचे टॉर्क, ऑइलचा प्रकार आणि हवा काढण्याचा क्रम स्थानिक भाषेत छापलेला असावा. कुंभकोणमच्या मिस्त्रीला इंग्रजी मॅन्युअलचा उपयोग नाही, आणि इचलकरंजीच्याही नाही. एबीएसमधून हवा काढण्याची सोय माफक दराच्या साध्या स्कॅनरमध्ये द्यावी. आयोगाने २०१४ मध्ये तपासणीच्या साधनांबद्दल जे सांगितले, त्याचाच हा आजचा अर्थ. आणि जिथे जिथे स्वयंचलित केंद्र उभे आहे, तिथे कोणाही गाडीमालकाला ठरावीक शुल्क भरून फक्त ब्रेक तपासून घेता यावा. निकाल परिवहन कार्यालयाच्या नोंदीत जाऊ नये, नाहीतर भीतीपोटी कोणी फिरकणार नाही. डाव्या चाकाचा जोर किती, उजव्याचा किती, एवढी चिठ्ठी हातात मिळाली की घरी कॅलिपर बांधणाऱ्यालाही कळेल आणि गॅरेजवाल्यालाही.

यातल्या शेवटच्या गोष्टीला नवा कायदाही लागणार नाही, एक परिपत्रक पुरे. आणि तारीखच हवी असेल तर तीही आहे. दर बारा वर्षांनी इथल्या महामहम तलावावर स्नानाचा मोठा सोहळा भरतो. मागचा २०१६ मध्ये झाला, पुढचा २०२८ मध्ये आहे. त्या दिवसांत तमिळनाडूभरातून आणि शेजारच्या राज्यांतून जुन्या-नव्या गाड्यांचा लोंढा याच सपाट, अरुंद गावात शिरेल. तंजावर जिल्ह्यापासून सुरुवात करून ही सोय त्याआधी चालू करता आली, तर यंत्रांवर गर्दी किती येते आणि किती गाड्यांचे एकेक चाक धरून बसले आहे, याची पहिली खरी मोजदाद आपल्या खात्याकडे जमा होईल.



आपला,
कुंभकोणमचा एक मराठी गाडीमालक